देव सोडलेल्यांचं मंडळ

मास्तरांनी घरातले देव उतरवले तेव्हा मी चुलीपुढे बसले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. मास्तर म्हणजे माझे यजमान. महाडच्या शाळेत ते शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही इथे तेच म्हणते. देव्हाऱ्यातले टाक, पितळेचा बाळकृष्ण, घंटा, शंख असं सगळं त्यांनी एका पंच्यात बांधलं आणि नदीत सोडायला निघाले. माझी सासू उंबऱ्यात आडवी बसली.

"माज्या मड्यावरनं ने," ती म्हणाली.

मास्तरांनी ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "तुझ्या पेटीत ठेव. पण भिंतीला पुन्हा लावायचे नाहीत."

सासूने देव पेटीत ठेवले, वर लुगड्यांच्या घड्या रचल्या आणि पेटीवर डोकं टेकून रडली. देव्हाऱ्याच्या जागी मास्तरांनी पुस्तकांची फळी ठोकली. मी त्या फळीकडे बघत भाकऱ्या थापल्या. मला देवाचं फार होतं असं नाही. पण कुणीतरी माझ्या घरातली भिंत बदलली आणि मला सांगितलंसुद्धा नाही, हे मला लागलं. ते मी तेव्हा बोलले नाही. मंडळाचं पुढे जे झालं, त्यातलं निम्मं या न बोलण्यातून झालं असं मला आता वाटतं.

मास्तरांचं मन देवावरून उडालं ते मानमोडीच्या तापाच्या साथीत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. मास्तर तेव्हा शिकायला बाहेर होते. घरी पोचेपर्यंत बाप गेला होता, आणि पुढच्या आठ दिवसांत दोन भाऊ गेले. सासूने देव पाण्यात बुडवून ठेवले होते, भैरीला कोंबडं कबूल केलं होतं, भगताने घरभर राख टाकली होती. मास्तर मला सांगायचे, "देव पाण्यात होते आणि घरात प्यायचं पाणी भरायला माणूस नव्हता." पुढे त्यांनी पुष्कळ वाचलं, पुष्कळ वाद घातले, पण सगळ्याचं मूळ या एका वाक्यात होतं.

महाडला बदली झाल्यावर त्यांना वकील भेटले. वकील ब्राह्मण, पुण्यात शिकून आलेले, कोर्टाजवळ त्यांचं दुमजली घर. बोलणं असं की ऐकत राहावं. त्यांनी आणि मास्तरांनी मिळून मंडळ काढलं. दर रविवारी दुपारी वकिलांच्या माडीवर बैठक व्हायची. पोस्टातले एक कारकून आणि दवाखान्यातले कंपाउंडर असे दोघे आणखी यायचे. पाचवे हवालदार.

हवालदार दासगावचे, महार. मोठ्या लढाईत ते अरबांच्या मुलखात जाऊन आले होते आणि आता पेन्शनीत होते. तळ्याच्या पाण्यावरून महाडात डोकी फुटली त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी हवालदारही तळ्याचं ओंजळभर पाणी प्याले होते. नंतर गावाने ते तळं शुद्ध करून घेतलं, हे त्यांच्या मनात सलत राहिलं होतं, आणि मंडळ निघाल्याचं कळताच ते मास्तरांकडे येऊन म्हणाले, "मास्तर, मी प्यालो म्हणून बाटलं, आणि गाईच्या शेणामुतानं शुद्ध झालं. ज्याच्या दरबारात हा न्याय हाय, त्याची चाकरी मी सोडली." मास्तर त्यांना दुसऱ्याच रविवारी माडीवर घेऊन गेले.

माडीवर काय झालं ते मला मास्तरांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. वकिलांनी हात जोडून हवालदारांना बसायला सांगितलं, पण गॅलरीत. चौघे आत सतरंजीवर आणि हवालदार दाराबाहेर बाकावर. चहा आला तेव्हा हवालदारांचा कप वेगळा, कान तुटलेला. तो गॅलरीच्या कोनाड्यात राहायचा आणि चहा झाल्यावर हवालदार स्वतः तो विसळून ठेवायचे. आत चर्चा चाललेली असायची की जगाला कर्ता आहे की नाही.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"बोललो. वकील म्हणाले, घरात बायका आहेत, हळूहळू होईल."

"आणि हवालदार?"

"ते म्हणाले, मला वारा बरा लागतो इथे."

मंडळाची एक वही होती. वकिलांच्या सुंदर अक्षरात तिच्यात नियम लिहिले होते. नवस करायचा नाही, मुहूर्त बघायचा नाही, श्राद्ध घालायचं नाही. एकमेकांच्या सुखदुःखात सर्वांनी दारी उभं राहायचं. ज्याचे भाऊबंद त्याला टाकतील त्याला मंडळ हेच भाऊबंद. खाली पाचांच्या सह्या. मास्तरांनी पुढच्या पानावर आणखी लिहून ठेवलं होतं की माझ्या मागे मंत्र, पिंड, दहावा-तेरावा काही करू नये, मंडळींनी खांदा द्यावा. ते लिहून घरी आले तेव्हा फार खुशीत होते. मी तेव्हा पस्तिशीच्या आत होते आणि ते चाळिशीच्या. मरणाचं बोलणं आम्हाला लांबचं वाटत होतं.

माझं काय झालं ते आता सांगते. मंडळ निघाल्यावर मास्तरांनी मला हळदीकुंकवाला जायची बंदी केली. बंदी हा शब्द त्यांनी वापरला नाही. म्हणाले, "आपण मानत नाही तर तू कशाला जातेस?" मी जायची थांबले. चैत्रात नाही, श्रावणात नाही, संक्रांतीला नाही. दोन वर्षांत आळीतल्या बायकांनी मला बोलावणंच सोडलं. पुरुषाला बाहेर पडायला शाळा आहे, कचेरी आहे, चावडी आहे. बाईला घराबाहेर पडायचं निमित्त देवच देतो. देव गेले आणि माझं बाहेर जाणं गेलं. आमची एकच मुलगी, सहा वर्षांची. तिलासुद्धा भोंडल्याला कुणी बोलवेना. ती खिडकीच्या गजांना धरून दुसऱ्यांच्या अंगणातली गाणी ऐकायची.

एका रविवारी मास्तर बैठकीला निघाले तेव्हा मी म्हटलं, "तुमचा रविवार आहे. माझं काय?"

"म्हणजे?"

"तुम्ही देव काढलेत तिथे फळी ठोकलीत. माझ्या जागी काय ठोकणार आहात?"

त्यांनी पायातल्या वहाणा परत काढल्या आणि आत येऊन बसले. मास्तरांना ऐकून घेता यायचं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. त्या दिवशी ते बैठकीला गेले नाहीत. मी म्हटलं, मंडळातल्यांच्या बायकांना मी आपल्या घरी बोलावते, गुरुवारी दुपारी. हळद नाही, कुंकू नाही. गप्पा, गाणी, कुणाला वाचता येत असेल तर वाचन. मास्तरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "हे आमच्या डोक्यात कसं आलं नाही?"

मी चारही घरी निरोप धाडले. पोस्टातल्या कारकुनांची बायको आली नाही. कंपाउंडरांच्या आईला गुरुवारी उपास असायचा. मुलगा नास्तिक, पण आईचा उपास चालूच. वकिलांच्या बायकोने सांगून पाठवलं की त्यांना बरं वाटत नाही. आल्या त्या दोघीच. एक वकिलांची थोरली बहीण, आक्का. आणि दुसरी हवालदारांची बायको.

आक्का बालविधवा. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण, वकिलांच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. कुठल्याही सवाष्णींच्या जमावात त्यांना वीस-पंचवीस वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. मी 'बायका' म्हणून निरोप धाडला होता आणि त्यांनी स्वतःला बाई धरलं, एवढाच त्यांचा गुन्हा. हवालदारांची बायको सुईण होती. माझी मुलगी तिच्याच हातात जन्मली. त्या वेळी ती मागच्या दाराने आली होती आणि गेल्यावर सासूने खोलीभर गोमूत्र शिंपडलं होतं. आता ती पुढच्या दाराशी येऊन घुटमळली. मी हात धरून आत आणली. सासू उठून मागच्या परड्यात गेली.

मी तीन कप चहा केला. तिन्ही कप सारखे. आक्कांनी आपला कप बराच वेळ नुसता बघितला. त्या आयुष्यात परक्या घरचं पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या, आणि समोर महाराची बाई बसलेली.

"वर माडीवर म्हणतात ना देव नाही म्हणून?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणतात."

"मग विटाळ कुणाला होणार?" असं म्हणून त्यांनी कप तोंडाला लावला. चटका बसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आम्ही तिघीही हसत सुटलो.

तसे नऊ-दहा गुरुवार झाले असतील. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आक्का ऐकून ऐकून अक्षरं ओळखायला लागल्या. सुईणीचा गळा फार मोकळा. पण जात्यावरची कुठलीही ओवी घ्या, ती देवाच्या नावाने सुरू व्हायची आणि आमचं तिथेच अडायचं. शेवटी आक्का म्हणाल्या, "पहिली ओवी हिलाच घालू या." आणि त्यांनीच जुळवली:

पहिली माझी ओवी गं, सुईणीच्या हाताला
अंधाऱ्या खोलीमंदी जिनं धरलं माथ्याला

सुईण लाजली. "माजी कसली ओवी गो, मी काय देव हाय?" म्हणाली, आणि मग स्वतःच ती गायली. माझी मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पुरुषांनी वहीत नियम लिहिले त्यातून काय उभं राहिलं ते मला माहीत नाही. पण त्या खोलीत त्या दुपारी काहीतरी उभं राहत होतं. सासूसुद्धा एकदा परड्यातून आत आली आणि दाराला टेकून ऐकत उभी राहिली.

मग समोरच्या घरातल्या बाईने आम्हाला खिडकीतून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वकील आमच्या ओटीवर आले. उपरणं सारखं करत बसले.

"मास्तर, तुम्ही आपल्या घरात काय करता त्याला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण माझ्या बहिणीला त्यात ओढू नका."

"ओढलं नाही," मास्तर म्हणाले. "त्या आपणहून आल्या."

"त्यांना काय कळतं? उद्या मला पक्षकार तोंडावर विचारतील. माझ्या घरी कुणी पाण्याला शिवणार नाही. मी स्वतः काही मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण विचार वेगळा आणि व्यवहार वेगळा."

मी माजघराच्या दाराशी उभी होते. राहवेना म्हणून बोलले, "आक्कांना विचारलंत का?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मास्तरांना म्हणाले, "घरच्या मंडळींना जरा समजवा." आणि उठले.

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "काही दिवस बंद ठेवू या."

"तुमचा रविवार?"

"तो बंद पडला तर काहीच उरणार नाही गं."

"आणि हा बंद पडला तर?"

पुढच्या गुरुवारी सुईण आली तेव्हा मीच दारात जाऊन म्हटलं, "जरा दिवस जाऊ देत." तिने माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन वळली. मी तिला आत बसवून दोन घटका तिच्याशी बोलू शकले असते. मला ते सुचलंसुद्धा नाही. मला एवढंच वाटत होतं की समोरच्या खिडकीत कुणी असेल.

रविवार चालू राहिला. हवालदार गॅलरीत बसत राहिले.

दीड वर्षाने, भातकापणीच्या तोंडावर, मास्तरांना विषमज्वर झाला. कंपाउंडर औषध आणून द्यायचे, तेवढं त्यांनी नेमाने केलं. अठराव्या दिवशी मास्तरांनी माणसं ओळखणं सोडलं, तेव्हा सासूने गावी निरोप धाडला. कापणी टाकून मास्तरांचे चुलते आले, बरोबर तीन चुलतभाऊ. चुलते भावकीतले वडील माणूस. रागीट, पण वाईट नव्हेत. मानमोडीत उघड्या पडलेल्या या घराला त्यांनीच दोन वर्षं भात पुरवलं होतं.

एकविसाव्या दिवशी उजाडता उजाडता मास्तर गेले. शेवटी काही बोलले नाहीत.

मी डोळे पुसले आणि पहिलं काम केलं ते वकिलांकडे माणूस पाठवायचं. वहीत लिहिलं आहे, मंडळींना घेऊन या, एवढाच निरोप. चुलत्यांनी मला विचारलं, "कुनाला बोलीवलंस?" मी सांगितलं. त्यांनी नुसतं हं केलं.

तासाभराने वकिलांचा कारकून चिठ्ठी घेऊन आला. अत्यंत दुःख झाले, आज कोर्टात तारीख असल्याने निरुपाय आहे, संध्याकाळी येऊन जातो. पोस्टातल्यांकडून काहीच आलं नाही. कंपाउंडर आले आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं की ते खाली बघायचे. वकील नाहीत असं दिसल्यावर त्यांचा पाय पुढे पडेना.

मग हवालदार आले. अंगावर लष्करातला कोट, मागे दोघे तरणे मुलगे, एकाच्या खांद्यावर दोन हिरवे बांबू. ते दासगावाहून चालत आले होते. अंगणाच्या कडेला थांबून ते मला म्हणाले, "बाई, मास्तरांनी वहीत लिवलंय. मी खाली सही केलीय. आमी तिघं हाव. चवथा कोन मंडळातला येतो का बगा. नायतर मी दोगांचा भार घेतो."

चुलते ओटीवरून उठले. "हे बग सूनबाय," ते मला म्हणाले, हवालदारांना नाही. "ह्यांचा हात लागला तर आमी चाललो. सुतक बी धरनार नाय. मग ही म्हातारी तुजी आनि तू म्हातारीची. गावची जमीन विसर. नि ती पोर हाय, तिला सून कोन करील ते बी तूच बग."

सासू मास्तरांच्या उशाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. मुलगी माझ्या पदराला धरून उभी होती. मी रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, कंपाउंडर चार पावलं पुढे आले तर चार माणसं होतील. चार माणसं झाली तर मी धीर करीन. मी हे मनात धरलं, पण त्यांना हाक मारली नाही.

"हवालदार," मी म्हटलं, "तुम्ही जा."

त्यांनी टोपी काढली. मास्तरांकडे बघत सरळ उभे राहिले, जसे लष्करात उभे राहत असतील तसे. मग टोपी घातली आणि मुलांना म्हणाले, "बांबू ठेवा हितंच. उपेगी पडतील." चुलत्यांनी ते बांबू घेतले नाहीत. चुलतभावांनी दुसरे आणले. हवालदारांचे बांबू आमच्या कुंपणाशी पडून वाळले.

मास्तरांना नदीवर नेलं ते मंत्रांसह, गंगाजळ-तुळशीसह. माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. शेजारच्या ज्या बायकांनी मला चार वर्षं दारात उभं केलं नव्हतं, त्या सगळ्या त्या दिवशी आल्या आणि फार मायेने वागल्या. नंतर मला कळलं की हवालदार आणि त्यांचे मुलगे घाटाच्या दुसऱ्या टोकाला चिता विझेपर्यंत उभे होते.

दहाव्याला चुलत्यांच्या मुलाने पिंड ठेवला. पिंडाला कावळा शिवेना. दोन तास गेले, ऊन डोक्यावर आलं, तरी शिवेना. मी घरी होते. एक चुलतभाऊ धावत मला न्यायला आला. मी नदीवर गेले तर सगळी भावकी आणि गावातले पन्नासेक लोक पिंडाभोवती दाटीवाटीने उभे. झाडावर कावळे होते. त्या दिवसांत शेतोशेती दाणा पडलेला असतो. भाताच्या थंड गोळ्यासाठी माणसांच्या घोळक्यात कोणता कावळा उतरेल? हे मला दिसत होतं. मास्तर असते तर हसले असते.

भटजी म्हणाले, "त्यांचा जीव कशात तरी अडकला आहे. त्यांची इच्छा बोला."

चुलते म्हणाले, "इच्छा कसली हाय ते समद्यांस्नी ठाव हाय. देव घराबाहेर काडले त्याचा पस्तावा झालाय त्याला. सूनबाय, तू म्हन, देव परत देव्हाऱ्यात बसवते."

लोक माझ्याकडे बघत होते. गर्दीत वकील होते, डोक्यावर पागोटं, मंडळाच्या इतर कुणापेक्षाही पुढे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, की म्हणून टाका, संपवा.

मी म्हटलं. मोठ्याने म्हणायला लावलं म्हणून मोठ्याने म्हटलं, "देव परत बसवते." मला पुढे वाट द्यायला लोक मागे सरले होते. त्यामुळे पिंडाजवळ जागा मोकळी झाली, आणि थोड्याच वेळात एक कावळा उतरून चोच मारून गेला. घाटावर एकच गलका झाला. मास्तरांना पस्तावा झाला, मास्तरांनी कबूल केलं, असं म्हणत लोक घरी गेले. महिनाभर बाजारात तीच गोष्ट चालली होती. एवढी वर्षं मास्तर जे बोलले, ज्यासाठी त्यांनी लोकांचे टोमणे खाल्ले, ते सगळं एका कावळ्याने खोटं केलं, आणि त्या कावळ्याला मी बोलावलं होतं.

घरी आल्यावर चुलत्यांनी पुस्तकांची फळी उपटली. सासूने पेटीतून देव काढून दिले. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. रात्रंदिवस याचीच वाट बघत होती ती. पण देव बसवून पुरुष बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माज्या पोराला खोटा पाडला गो समद्यांनी." आणि मग, "तू बी."

वकिलांनी पुढे वाचनालयात मास्तरांवर भाषण केलं. निर्भीड, सत्यनिष्ठ असे पुष्कळ शब्द त्यात होते म्हणे. त्यानंतर रविवारची बैठक भरली नाही. पुढच्या उन्हाळ्यात वकिलांनी मुलाची मुंज थाटात केली. मला बोलावणं नव्हतं, आता मी विधवा होते. आक्का मात्र एकदा मागच्या दाराने आल्या. माझं पांढरं कपाळ बघून म्हणाल्या, "आता आपल्या दोघींचं हळदीकुंकू एकच." हसण्याचा प्रयत्न केला त्यांनी. त्या वर्षी थंडीत त्या गेल्या. त्यांना चार अक्षरं लिहिता यायला लागली होती, हे त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

वर्ष सरल्यावर मी एकटी दासगावला गेले. हवालदार अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली. मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, रडले असणार.

ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाय. तुमच्या पाठीमागं कुनी नव्हतं. मी वकिलांकडे गेलो होतो. म्हनलं, वहीतनं माजं नाव काडून द्या. ते म्हनाले, मंडळच ऱ्हायलं नाय, आता नाव काय काडायचं?" मग म्हणाले, "मंडळ होतं तेव्हा बी मी भायेरच होतो. हे मला आदीच कळाया पायजे होतं. वारा लागतो म्हनत बसलो."

आत जातं फिरत होतं. सुईण दळत होती. मी आलेय हे तिला समजलं असणार, कारण मुलगा आत जाऊन सांगून आला होता. जातं थांबलं नाही. मी घटकाभर बसले, मग दाराशी जाऊन हाक मारली. तिने मुठीने दाणे टाकले आणि तशीच दळत राहिली. ओवी म्हणत नव्हती. मी परत आले.

त्यानंतर मी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. आक्का आणि सुईण यांना वाचून दाखवायची सवय होती, ती उपयोगी पडली. पोलादपूरला मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली. सासू माझ्याबरोबर आली, आणि तिचे देवही. मुलगी शिकली, चुलत्यांनी तिचं लग्न जमवून दिलं, सगळ्या विधींसकट. मी काही म्हटलं नाही.

दसऱ्याला शाळेत मुली पाटीवर सरस्वती काढायच्या, एकाच्या आकड्यांची, आणि तिला फुलं वाहायच्या. फळ्यावर ती मीच काढून द्यायची. न काढली असती तर गावाने शाळेत पोरी धाडल्या नसत्या, असं मी स्वतःला सांगत असे. एका वर्षी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, ही खरंच असते का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दाराशी हेडमास्तर उभे होते.

"रेघ वाकडी गेली आहे तुझी," मी म्हटलं. "पूस आणि परत काढ."

तिने पाटी पुसली आणि परत काढली.